उपास कुणाचा, हसू कुणाचं

भाटघरला बोलायचं तर धरणावर बोला, असं येताना गाडीत कुणीतरी सुचवलं. धरणावर बोलणारे आमच्यापेक्षा जाणकार लोक इथं समोरच बसलेत. आम्ही पडलो पुस्तकं वाचणारे, सिनेमे बघणारे. तेव्हा आज बोलणार आहोत ते एका विनोदावर. मराठीत तो फार जुना आहे, आणि भोरच्या एसटीत, शाळेच्या व्हरांड्यात, जत्रेत, लग्नाच्या पंगतीत आजही रोज होतो. वजनावरचा विनोद.

शब्दच बघा किती आहेत. जाड्या, ढोल्या, ढब्बू, भोपळा, टुणटुण, रणगाडा. आणि पलीकडच्या बाजूला काडी, सुकट, लुकडी, हाडांचा सापळा, काडीपैलवान. (हशा) हसलात! हसू येतंच. यातल्या एकाही शब्दाला आपण शिवी म्हणत नाही. पोरानं आईवरून शिवी दिली तर गुरुजी कान धरतात. 'ए ढोल्या' म्हटलं तर कान कुणी धरत नाही. चार दिवसांनी गुरुजीच त्या पोराला त्याच नावानं हाक मारतात, आणि ते नाव दहावीच्या निरोप समारंभापर्यंत टिकतं.

आमची तक्रार थेट सांगतो. मराठी साहित्यानं आणि पडद्यानं हा विनोद फार मायेनं सांभाळला, पण तो कायम मोठ्या माणसांचा ठेवला. तेरा-चौदा वर्षांच्या पोरापोरींमध्ये तो झाला की त्यांच्या ताटाचं काय होतं, ते आपण जवळजवळ लिहिलंच नाही. आणि लिहिलेलं नसलं की घरात, शाळेत ते दिसतही नाही.

आधी 'टुणटुण' हे नाव घेऊ. उमादेवी नावाची एक गायिका होती. १९४७ च्या 'दर्द' चित्रपटात नौशाद यांच्याकडे गायली आणि देशभर गाजली. पुढं गाणं मागं पडलं. १९५० च्या 'बाबुल'मध्ये तिला विनोदी भूमिका मिळाली, पडद्यावर टुणटुण हे नाव मिळालं आणि तेच राहिलं. आज भोरमधल्या आठवीच्या वर्गात हे नाव एखाद्या मुलीला चिकटतं तेव्हा चिकटवणाऱ्या पोरांना ना 'दर्द' माहीत असतो, ना उमादेवी. एका बाईचा गळा विसरला गेला, अंग तेवढं भाषेत उरलं. हे आम्हाला फार बोलकं वाटतं.

पण मराठी भाषा अंगाच्या बाबतीत पहिल्यापासून अशी नव्हती. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट आठवा. वाघाला ती सांगते, आत्ता माझ्यात काही नाही, लेकीकडं खाऊन-पिऊन अंग धरून येते, मग खा. त्या गोष्टीत जाड होणं म्हणजे सुख. लेकीच्या घरी तूप आहे याचा तो पुरावा. 'तब्येत' हा शब्द घ्या. माहेरी आलेल्या मुलीला 'तब्येत सुधारली गं' म्हणायचे, म्हणजे वजन वाढलं. बाळसं धरणं, अंगानं भरणं, खात्यापित्या घरची, हे सगळे कौतुकाचे शब्द. ज्या भागात पावसाळा संपेपर्यंत कणगी तळाला जायची, तिथं हे साहजिकच होतं. भोर-वेल्ह्यात भात पिकतो. १९२८ साली पुरं झालेलं हे धरण मात्र पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडं नेतं. ऊस तिकडं, साखर तिकडं. इथं आजीनं नातवाच्या गालाला हात लावून 'वाळलास रे' म्हणणं ही काळजीच होती.

आता तोच 'तब्येत' शब्द उलटलाय. गणपतीला मुंबईहून, पुण्याहून पाहुणे येतात. आजी म्हणते, तब्येत छान झाली. चुलत बहीण मोबाइलवरून मान न उचलता म्हणते, 'अगं किती जाडी झालीस!' एकाच ओटीवर, एकाच मुलीला, एकाच वाक्याच्या अंतरानं दोन निकाल. आणि पहिला निकाल देणारी आजी आता जुन्या वळणाची, दुसरा देणारी शहरातली, म्हणजे जास्त शहाणी. त्या मुलीनं कुणाचं ऐकावं?

इथून आपण पु. ल. देशपांड्यांकडं येऊ, कारण या विषयावर मराठीत काही बोलायचं तर 'उपास' वाचल्याशिवाय पुढं जाता येत नाही. 'बटाट्याची चाळ' १९५८ चं पुस्तक. त्यातला नायक वजन कमी करायचं ठरवतो आणि अख्खी चाळ सल्ले द्यायला धावते. कुणी हे सोडा म्हणतो, कुणी ते. सल्ले एकमेकांना छेद देतात, संकल्प मोडत जातो, काटा काही खाली येत नाही. पुलंनी नंतर त्याचे प्रयोग केले, ध्वनिमुद्रणं झाली, आणि मराठी घरांत ते इतकं ऐकलं गेलं की डाएट म्हटलं की आपल्याला तोच सूर ऐकू येतो.

'उपास' उत्तम आहे, यात वाद नाही. पण ते कशानं चालतं ते बघा. हसणारा आणि हसवणारा माणूस एकच आहे. तो संसारी आहे, नोकरदार आहे, घरी त्याचा मान आहे. चाळ त्याला टोचत असली तरी त्याला चाळीबाहेर कुणी काढत नाही. उलट सल्ला देणं हीच तिथली आपुलकी. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याचा उपास मोडतो. त्याला भूक लागते आणि तो खातो. विनोद तिथंच आहे. माणूस खाण्यापुढं हरतो आणि या हरण्यात सगळ्यांना बरं वाटतं.

आता समजा, नववीतली एक मुलगी आहे. तिला वर्गात नाव पडलंय. ते नाव तिनं घेतलेलं नाही, तिच्यावर हसण्याचा हक्क तिच्याकडं नाही. ती ठरवते, आता खायचं नाही. आणि तिचा उपास मोडत नाही. इथं 'उपास'मधला विनोद थांबतो, पण आपल्या कानात पुलंचाच सूर असल्यामुळं आपल्याला वाटतं, अगं, चार दिवसांचं खूळ आहे, सुटेल. कुणी खूळ म्हणून हसतं, कुणी निश्चयी पोरगी म्हणून कौतुक करतं. दोन्हीकडं भूक कुणाला दिसत नाही. यात पुलंचा दोष नाही. त्यांनी मध्यमवयीन गृहस्थावर लिहिलं. एकाच लेखाच्या तालावर आपण सगळ्या वयांची भूक ऐकायला लागलो, हा वाचकांचा आळस.

शिवाय 'उपास' हा शब्दच किती सोयीचा आहे बघा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र. मराठी घरात मुलगी 'आज जेवत नाही' म्हणाली की पुढचा प्रश्न 'का' असा नसतो. 'आज काय आहे?' असा असतो. आणि तिला उत्तर माहीत असतं. पूर्वी आठवड्यातला एक वार होता, आता तीन झाले. आई म्हणते, पोरगी किती श्रद्धाळू! साबुदाण्याची खिचडीही तिनं नको म्हटलं तर निर्जळीचं आणखी कौतुक. उपासाला आमचा विरोध नाही, गैरसमज करून घेऊ नका. उपासाच्या आड लपता येतं आणि ते लपलेलं शोधायला भाषेत शब्द नाही, एवढंच म्हणतोय. इंग्लंडमध्ये विल्यम गल या डॉक्टरानं १८७३ मध्ये भूक मारण्याच्या या आजाराला अनोरेक्झिया नर्व्होसा हे नाव दिलं. भरमसाट खायचं आणि मग ते कसंही करून बाहेर काढायचं, त्याला बुलिमिया हे नाव १९७९ मध्ये जेराल्ड रसेल यांनी दिलं. मराठीत आपण अजून 'खाण्याची नाटकं' म्हणतो.

आता पडद्याकडं. इथून मांढरदेवीचा घाट ओलांडला की वाई, आणि वाईच्या वर पाचगणी. सचिन कुंडलकरांचा 'वजनदार' हा २०१६ चा चित्रपट त्या पाचगणीत घडतो. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांच्या दोन मैत्रिणी, दोघी जाड, दोघी वजन कमी करायच्या मागं लागतात, आणि चित्रपट स्वतःला आहे तसं स्वीकारण्यापाशी पोचतो. नावातला श्लेष छान आहे. मराठीत 'वजनदार' माणूस म्हणजे ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा; बाईला मात्र तो शब्द क्वचितच त्या अर्थानं लागतो. जाड बाई ही नायिकेची मैत्रीण किंवा कामवाली असते, हा पडद्याचा जुना नियम या सिनेमानं मोडला, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्या वेळच्या बातम्या आठवा. या दोघींनी भूमिकेसाठी वजन वाढवलं याचीच चर्चा जास्त झाली. म्हणजे जाडी हा पोशाख झाला, घातला आणि काढला. ज्या मुलीला तो काढता येत नाही ती हे वाचून काय समजली असेल?

२०२० मध्ये कलर्स मराठीवर आलेली 'सुंदरा मनामध्ये भरली' ही मालिका या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटते. अक्षया नाईक यांची लतिका पोशाख घालून जाड झालेली नव्हती. खेड्यापाड्यांतल्या बायकांनी ती मालिका आवडीनं पाहिली, आणि रोज रात्री जाड मुलगी नायिका म्हणून घरात येत राहिली, हे लहान काम नव्हे. तरी तिथंही प्रश्न लग्नाचा होता. जाड असून हिचं लग्न जमेल का, नवरा हिच्यावर प्रेम करेल का. उत्तर 'हो' आलं की प्रश्न सुटला! चौदाव्या वर्षी पोरीला नवरा नको असतो हो. तिला मधल्या सुट्टीत शेजारी बसून डबा खाणारी मैत्रीण हवी असते. जानेवारी २०२१ मध्ये वनिता खरात यांनी आपल्या शरीराचा अभिमान सांगणारं छायाचित्र प्रसिद्ध केलं, तेव्हाही आपण त्यांच्या धाडसावर बोललो. धाडस होतंच. पण या तिन्ही ठिकाणी सगळी मेहनत चिडवल्या गेलेल्या बाईनंच करायची आहे. तिनं खंबीर व्हायचं, तिनं स्वतःवर प्रेम करायचं, तिनं हसून सोडून द्यायचं. हसणारा वर्ग जिथल्या तिथं. त्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

आम्ही डॉक्टर नाही, पण या विषयावर बोलायचं म्हणून अभ्यास चाळले, आणि त्यातलं एक फार महत्त्वाचं वाटलं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात शाळकरी मुलांच्या खाण्यावर एक मोठा अभ्यास झाला. त्यातली २००३ ची पाहणी ४,७४६ मुलामुलींची आहे. वजनावरून सोबत्यांनी चिडवलं असं सांगणाऱ्या मुली ३० टक्के, मुलगे जवळपास २५ टक्के. आणि घरच्यांनी चिडवलं? मुली जवळपास २९ टक्के, मुलगे १६. म्हणजे मुलींच्या बाबतीत घर आणि वर्ग यांत फारसा फरकच नाही. चिडवल्या गेलेल्या मुलांमध्ये उदासी जास्त, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार जास्त. आणि हे त्यांचं खरं वजन कितीही असो. बारीक मुलीला 'जाडी' म्हटलं तरी तेच. पाच वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा विचारलं, तेव्हा चिडवले गेलेले मुलगे खाण्यावरचा ताबा सुटण्याकडं आणि वजन उतरवण्याच्या घातक उपायांकडं जास्त वळलेले होते, आणि मुली वारंवार डाएट करण्याकडं. आता 'काळजीपोटी बोलतो हो, वजन कमी व्हावं म्हणून' या सबबीचं काय करायचं ते तुम्हीच बघा.

कुणी म्हणेल, ही अमेरिकेची थेरं, आपल्याकडं कुठलं. म्हणून फिजीचं उदाहरण सांगतो. बेटांचा देश, भरल्या अंगाचं कौतुक करणारा, आपल्या आजीसारखाच. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधक बाईंनी तेव्हा शाळकरी मुलींना विचारलं आणि तीन वर्षांनी पुन्हा विचारलं. वजनासाठी मुद्दाम उलटी काढते असं सांगणारी मुलगी पहिल्या वेळी एकही नव्हती. दुसऱ्या वेळी शंभरात अकरा होत्या. तीन वर्षं! भाटघरच्या मागं बॅकवॉटरच्या वाड्यांवर मोबाइलला रेंज येऊन त्याहून जास्त काळ झाला असेल.

पण आपलं चित्र फिजीसारखं सरळ नाही. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या सरकारी राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातली दहा ते एकोणीस वयाची २४ टक्के मुलं वयाच्या मानानं कृश निघाली, जाड फक्त ५ टक्के. म्हणजे चारांतलं एक मूल कमी पडतंय आणि वर्गात हसू मात्र त्या विसांतल्या एकाचं! अर्थात कृश पोरांनाही सुट्टी नाही. या भागात तालमीचं वेड आहे, जत्रेला कुस्त्या होतात. 'काडीपैलवान' म्हणवून घेतलेला पोरगा डबल अंडी, केळी आणि कुठल्यातरी डब्यातली पावडर यांच्या नादी लागतो, खाऊन पोट दुखेपर्यंत खातो, आणि घरात सगळे खूश. मुलग्यांच्या बाबतीत हे आजारासारखं दिसतच नाही, कारण जास्त खाणं हे आपल्याकडं गुणांत जमा आहे.

आणि डोळ्यांनी तरी आपल्याला काय कळतं? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२. फोटोत दोघेही सडपातळच दिसतात. ज्यांचा जन्म यात गेला त्यांना मोजल्याशिवाय सांगता येत नाही, आणि एसटीच्या मागच्या सीटवरचे पंच लगेच निकाल देतात.

शाळेबद्दल एक सांगायचं राहिलं. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत असतो. एका रांगेत बसून, सगळ्यांदेखत खिचडी. कोण खातं, कोण टाकतं, हे बाईंना दिसतं. नववीत तो थांबतो आणि डबा सुरू होतो, म्हणजे खाणं खासगी होतं. नेमकं त्याच वर्षी अंग बदलत असतं, नावं पडत असतात. डबा भरलेला घरी आला तर आई विचारेल, म्हणून तो वाटेत कुत्र्याला जातो. इथं बसलेल्या शिक्षकांनी याचा विचार करावा. लेखकांनीही करावा. आम्हाला जी मराठी कथा वाचायची आहे ती या डब्याची आहे, आणि ती जाड मुलीनं सांगितलेली नको. नाव ठेवणाऱ्या पोरानं सांगावी. त्याला नाव का सुचलं, वर्ग हसला तेव्हा त्याला काय वाटलं, आणि ती डबा उघडेनाशी झाली हे त्याच्या कधी लक्षात आलं. 'थट्टा नसेल तर मैत्री कसली' असं मघाशी चहाच्या वेळी एक गृहस्थ म्हणाले. खरंय. पण थट्टेत पाळी असते, आज तुझी, उद्या माझी. ज्या थट्टेत दोन वर्षं एकाचीच पाळी आहे, तिला थट्टा हा शब्द पुरत नाही.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, वेळ थोडा आहे, दोनच घेतो. पहिली एका आईची आहे. मुलगी रात्री जेवत नाही, उपास म्हणते, रागावू का? ताई, रागावू नका आणि वजनाचा विषयही काढू नका, 'आता छान बारीक झालीस' असंसुद्धा नको. तिच्यासोबत बसून जेवा. वर्गात काय चाललंय ते विचारा, दोनदा विचारा. चक्कर येत असेल, पाळी थांबली असेल, जेवल्या जेवल्या ती न्हाणीघरात जात असेल, तर वाट न बघता डॉक्टरांकडं न्या. मोठ्या सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी 'मैत्री' नावाचे कक्ष असतात, त्यांची चौकशी करा. आणि १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दुसरी चिठ्ठी एका सरांची. प्रगतिपुस्तकासाठी उंची-वजन घ्यावंच लागतं, मग करायचं काय? घ्या की सर. काटा वर्गात मांडू नका, ऑफिसात ठेवा, एकेकाला बोलवा. आकडा मॉनिटरला ओरडून सांगायला लावू नका, तुम्हीच लिहा. चाळीस मुलांना एका तासाच्या जागी दोन तास लागतील.